बॉल मिलमध्ये कार्बन दळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या लॅबमधली प्लॅनेटरी बॉल मिल (जारमध्ये पावडर आणि जड बॉल घालून तो गरागरा फिरवणारं दळणयंत्र) मी सांभाळते. वसई, ठाणे, पनवेल, माटुंगा, कुठून कुठून मुलं ग्रॅफाइटच्या बाटल्या घेऊन येतात. आधी, मधे आणि निकाल हातात आल्यावर व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवतात. प्रश्न तेच, फक्त पाठवणारे बदलतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न वर, डोकं खाणारे खाली.

१. मॅडम, दळल्यावर ग्रॅफाइट फक्त बारीक होतं ना? रचना बदलते म्हणजे नेमकं काय बदलतं?

ज्वारी दळली की ज्वारीचंच पीठ होतं. ग्रॅफाइटचं तसं नाही. ग्रॅफाइट म्हणजे षटकोनी जाळीचे थर, एकावर एक रचलेले. थराच्या आत शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर आणि बंध कमालीचा चिवट. दोन थरांमधलं अंतर मात्र ०.३३५ नॅनोमीटर. त्यांना धरून ठेवणारं बळ इतकं दुबळं, की पेन्सिल कागदावर ओढली तरी थर सुटतात.

बॉलचा मार बसला की आधी थर घसरतात. पत्त्यांचा कॅट टेबलावर आपटल्यावर पत्ते सपाटच राहतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत, तसं. या अवस्थेला टर्बोस्ट्रॅटिक म्हणतात आणि थरांमधलं अंतर इथे साधारण ०.३४४ नॅनोमीटरपर्यंत जातं. मग थर आडवे तुटतात, कडा वाढतात आणि कडेच्या अणूंचे बंध मोकळे राहतात. त्यानंतर जाळीच्या आतच खोट निर्माण होते: एखादा अणू गायब, षटकोनाच्या जागी पंचकोन, थराला वाक. शेवटी उरतं ते जवळपास अस्फटिक कार्बन, म्हणजे अणूंची ठरावीक रचना न उरलेला.

मेख अशी, की दाणा बारीक होणं एका टप्प्यावर थांबतं, कारण तुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटायला लागतात. मोडतोड मात्र थांबत नाही. दाण्याचा आकार तोच, आतला माल वेगळा. खालचे निम्मे प्रश्न यातूनच आले आहेत.

२. प्लॅनेटरी, शेकर, ॲट्रिटर... कुठली मिल वापरली याने फरक पडतो का?

पडतो, आणि भरपूर पडतो. लालबागच्या मसाला गल्लीत डंक्यावर मिरची कुटताना पाहिली असेल: वरून दांडा धाडकन खाली येतो. आणि आजीचं जातं आठवा: दगड दगडावर फिरतो, दाणा मधे रगडला जातो. डंका म्हणजे आघात, जातं म्हणजे घर्षण.

शेकर मिल बरीचशी डंक्यासारखी. तीत ग्रॅफाइट सगळ्या बाजूंनी तुटतं, दाणे जवळजवळ गोल होतात आणि अस्फटिकपणा लवकर येतो. ज्या मिलमध्ये घर्षण जास्त, तिथे थर सोलले जातात. पापुद्रे पातळ होतात, पण पापुद्रेच राहतात. प्लॅनेटरी मधोमध आहे. वेग आणि बॉलचा आकार बदलून तिला दोन्ही बाजूंना झुकवता येतं. ॲट्रिटरमध्ये जार स्थिर असतो आणि आतले दांडे बॉल घुसळतात. १९६०च्या दशकात जॉन बेंजामिन यांनी निकेलच्या मिश्रधातूंसाठी ‘मेकॅनिकल अलॉयिंग’ची (दळून धातू एकमेकांत मिसळण्याची) पद्धत बसवली ती असल्याच मिलमध्ये.

त्यामुळे ‘बॉल मिलिंग केलं’ एवढंच लिहिलेला पेपर वाचून तसाच निकाल आपल्याला मिळेल, ही आशा सोडा.

३. ग्रॅफाइट किती तास दळू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात कमी अर्थाचा. ‘भाजी किती मिनिटं शिजवू?’ असं गॅस मोठा की बारीक ते न सांगता विचारल्यासारखा.

नमुन्यावर परिणाम होतो तो एकूण किती मार पडला त्याचा. प्लॅनेटरी मिलमध्ये एका आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि आघातांची संख्या वेगाच्या प्रमाणात. म्हणजे शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ३०० आरपीएमवरून ४०० वर गेलात तर वेग सव्वा-दीड पटीच्या मधेच वाढतो, पण शक्ती सुमारे २.४ पट होते. ३०० ला दहा तास म्हणजे साधारण ४०० ला सव्वाचार तास. अर्थात हा हिशेब फक्त अंदाजापुरता. वेग फारच वाढवला तर बॉल जारच्या भिंतीला चिकटून नुसते फिरतात आणि हिशेब कोलमडतो.

दुसरा घटक म्हणजे बॉल आणि पावडर यांच्या वजनाचं प्रमाण. २ ग्रॅम ग्रॅफाइटला ४० ग्रॅम बॉल म्हणजे २०:१. पावडर दुप्पट घातलीत तर प्रत्येक कणाच्या वाट्याला येणारा मार निम्मा. आणि जारचा एक तृतीयांश भाग तरी रिकामा ठेवा. गच्च भरलेल्या जारमध्ये बॉलला उडायला जागाच नसते.

आमच्याकडे कोणी नवीन आलं की मी एकच सांगते: १, ३, १०, ३० तासांचे चार नमुने काढा आणि प्रत्येकाचं रामन (लेझर टाकून बंधांची कंपनं मोजणारी चाचणी) करा. तुमचं उत्तर तुमच्याच आलेखात दिसेल.

मधे थांबे मात्र हवेत. पंधरा मिनिटं चालवा, पंधरा मिनिटं थांबा. मे महिन्यात तर थांबा वाढवाच. थांबे धरून ‘२० तास दळलं’ असं लिहू नका, प्रत्यक्ष फिरलेले तास लिहा.

४. जार आणि बॉल कशाचे घेऊ?

वजनदार हवेत की स्वच्छ हवेत, ते आधी ठरवा. स्टीलची घनता ७.८ च्या आसपास, झिर्कोनियाची (झिर्कोनियमचं ऑक्साइड) ६, टंगस्टन कार्बाइडची १५, अगेटची (अकीक दगड) २.६५. त्याच आकाराचा, त्याच वेगाने उडणारा टंगस्टन कार्बाइडचा बॉल झिर्कोनियाच्या अडीच पट जोराने आदळतो. अगेट स्वच्छ, पण हलका. त्यात ग्रॅफाइट दळणं म्हणजे उशीने मारणं.

विद्युत-रसायनाचं काम असेल तर झिर्कोनिया घ्या, कारण लोखंडाचा अंशही तुमचा निकाल फिरवू शकतो. स्टील स्वस्त आणि जोरकस, पण लोखंड येणारच (प्रश्न १० पाहा). जार एका पदार्थाचा आणि बॉल दुसऱ्याचे, असं करू नका. दोन्हींत जो मऊ, तो झिजून नमुन्यात येतो. नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगचे बॉल किलोवर मिळतात आणि मुलं ते घेऊन येतात. चालतात, पण ते क्रोमियम-स्टील असतं हे लिहून ठेवा आणि वरचं तेल नीट धुऊन काढा, नाहीतर त्या तेलाचा कार्बनही तुमच्या ‘शुद्ध’ नमुन्यात मोजला जाईल.

५. आर्गॉन भरणं गरजेचं आहे का? हवेत दळलं तर काय बिघडतं?

बिघडतं असं नाही, वेगळं काहीतरी बनतं. तुटलेल्या कडा भुकेल्या असतात. हवेत दळलं तर त्या लगेच ऑक्सिजन आणि पाणी धरून बसतात. मग तुम्ही ‘दळलेलं ग्रॅफाइट’ नव्हे, तर कडेला ऑक्सिजन बसवलेलं ग्रॅफाइट मोजत असता. कधी हेच हवं असतं (प्रश्न १३).

दुसरी गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. ग्रॅफाइट निसरडं असतं ते बरंचसं हवेतल्या बाष्पामुळे. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश भराभर झिजायला लागले, कारण वरची हवा कोरडी. रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४८ मध्ये दाखवलं की ग्रॅफाइटच्या निसरडेपणाला पाण्याच्या वाफेसारखं काहीतरी पृष्ठभागावर बसलेलं लागतं. मिलमध्येही तेच. कोरड्या आर्गॉनमध्ये थर एकमेकांना धरतात आणि मार तोडण्यात खर्च होतो. दमट हवेत थर घसरतात, पापुद्रे टिकतात. मुंबईत जुलैतली हवा आणि जानेवारीतली हवा एक नाही. जार उघड्यावर भरत असाल तर दोन महिन्यांतले निकाल वेगळे येणारच, त्यात मिलचा दोष नाही.

६. पावडर पेटते असं ऐकलं. खरंच?

खरंच. माझ्याच हातून झालं आहे.

पावसाळ्यातली संध्याकाळ, ६.४०ची लोकल गाठायची घाई. स्टीलच्या जारमध्ये आर्गॉनखाली रात्रंदिवस दळलेलं ग्रॅफाइट. जार अजून कोमट होता. मी झाकण एकदम उचललं. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग काळ्या पावडरीच्या कडेला उदबत्तीच्या टोकासारखे लाल ठिपके उमटले आणि आत सरकायला लागले. ज्वाळा नाही, धूर नावापुरता. झाकण परत दाबलं आणि हात मागे घेतला तेव्हा हातमोज्याच्या अंगठ्याला भोक पडलेलं होतं. नमुना गेला, लोकलही गेली.

मोकळे बंध आणि स्टीलमधून झिजून आलेलं अतिबारीक लोखंड, दोघांनाही ऑक्सिजन एकदम मिळाला की उष्णता बाहेर पडते. म्हणून जार आधी पूर्ण थंड होऊ द्या, शक्यतो रात्रभर. ग्लोव्ह बॉक्स (हातमोजे बसवलेली, आर्गॉन भरलेली बंद पेटी) असेल तर तिथेच उघडा. नसेल तर झाकणाची झडप किंचित सैल करून हवा काही तास हळूहळू आत जाऊ द्या. बाजूला कोरडी वाळू ठेवा. कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक जारवर मारू नका, त्या झोताने पेटती पावडर खोलीभर उडते.

७. एक्सआरडीत २६.५ अंशांचं पीक रुंद होऊन जवळजवळ दिसेनासं झालं. नमुना खराब झाला का?

नाही, दळला गेला. एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण पावडरवर टाकून ते कुठल्या कोनांत परततात ते पाहणं. कंसातले आकडे म्हणजे पीक अणूंच्या कुठल्या पातळ्यांचं, त्याची खूण. तांब्याच्या के-अल्फा किरणांनी ग्रॅफाइटचं (००२) पीक टू-थीटा २६.५ अंशांच्या आसपास येतं, आणि ते थरांची रचना किती उंचीपर्यंत शाबूत आहे ते सांगतं. पीक जितकं रुंद, तितके थर कमी. शेररच्या सूत्राने पाहा: उपकरणाची रुंदी वजा करून १ अंश उरली, तर उंची साधारण ८ नॅनोमीटर, म्हणजे चोवीस-पंचवीस थर. पीक डावीकडे २५.९ च्या दिशेने सरकलं तर थर टर्बोस्ट्रॅटिक झाले.

एक सावधगिरी. पापुद्र्यांची पावडर होल्डरमध्ये दाबून भरली की सगळे पापुद्रे आडवे झोपतात आणि (००२) अवाच्या सवा मोठं दिसतं. न दळलेला नमुना असा दाबला आणि दळलेला सैल भरला, की उंचीतला निम्मा फरक मिलचा नसतो, तुमच्या अंगठ्याचा असतो. उंचीपेक्षा रुंदीवर भरवसा ठेवा.

८. रामनमध्ये डी आणि जी बँडचं गुणोत्तर दळण्याबरोबर वाढायला हवं ना? माझं आधी वाढलं आणि मग कमी झालं.

तुमचं बरोबर आहे, वाचलेलं अर्धवट आहे.

जी बँड १५८० प्रतिसेंटिमीटरच्या आसपास, डी बँड १३५० च्या आसपास. डी बँड निर्दोष जाळीत दिसत नाही, कडा आणि खोट असली की उगवतो. १९७० मध्ये टुइन्स्ट्रा आणि कोनिग यांनी दाखवलं की स्फटिकाची आडवी रुंदी जितकी कमी, तितकं डी-जी गुणोत्तर जास्त. ५१४.५ नॅनोमीटरच्या लेझरला ४.४ भागिले गुणोत्तर केलं की रुंदी नॅनोमीटरमध्ये मिळते. गुणोत्तर ०.५ म्हणजे सुमारे ९, गुणोत्तर २ म्हणजे सुमारे २. लेझर बदलला की ४.४ हा आकडाही बदलतो आणि डी बँडची जागाही, त्यामुळे ६३३ चा लेझर असताना ४.४ वापरू नका.

पण २ नॅनोमीटरच्या खाली हा नियम उलटा फिरतो. डी बँड यायला मुळात षटकोन लागतात. षटकोनच मोडायला लागले की डी कमी होतो. फेरारी आणि रॉबर्टसन यांनी २००० मध्ये हे मांडलं. म्हणजे १.२ हे गुणोत्तर तीन तासांच्या नमुन्यालाही येईल आणि साठ तासांच्याही. दोन्हींतला फरक जी बँडच्या रुंदीत दिसतो: ती वाढतच जाते. २७०० च्या आसपासचा टू-डी बँडही पाहा, साठ तासांच्या नमुन्यात तो नुसता फुगवटा उरतो.

आणि लेझरची शक्ती १ मिलिवॅटच्या खाली ठेवा. दळलेला काळा नमुना लेझरखाली तापतो, जी बँड खाली सरकतो आणि मुलं त्यातून नवा सिद्धांत काढतात.

९. ४४ अंशांच्या जवळ नवं पीक आलं! हिरा झाला का?

हा मेसेज दर वर्षी एकदा तरी येतो, आणि बहुधा रात्री अकरानंतर.

ती जागा म्हणजे दादरचा पूल आहे, सगळे तिथूनच जातात. ४२.४ अंशांवर ग्रॅफाइटचं (१००). ४३.४ वर ऱ्हॉम्बोहेड्रल ग्रॅफाइट: नेहमीच्या एबी-एबी रचनेऐवजी थर एबीसी-एबीसी असे बसले की ते दिसतं, आणि सुरुवातीच्या दळण्यात थर घसरल्याने त्याचं प्रमाण वाढतं. ४३.९ वर हिऱ्याचं (१११). ४४.५ वर ग्रॅफाइटचं (१०१). ४४.७ वर लोखंडाचं (११०).

स्टीलचा जार वापरला असेल तर उत्तर शेवटचं. बाटलीला बाहेरून चुंबक लावा. पावडर काचेवर चढली, तर हिरा नव्हे, जार आहे. साध्या मिलमध्ये ग्रॅफाइटचा हिरा होतो असं धरून चालू नका. दळलेल्या ग्रॅफाइटमधले बंध बहुतांशी ग्रॅफाइटच्याच जातीचे राहतात, विस्कटलेले असले तरी.

१०. नमुन्यात लोखंड किती आलं ते कसं मोजू, आणि काढू कसं?

हवेत टीजीए करा, म्हणजे नमुना तापवत वजन किती घटतं ते मोजा. कार्बन जळून जातो, उरते ती तांबूस राख, म्हणजे फेरिक ऑक्साइड. त्यात वजनाने ७० टक्के लोखंड. राख ५ टक्के उरली तर नमुन्यात लोखंड ३.५ टक्के. राख पांढरी असेल तर झिर्कोनिया किंवा ॲल्युमिना.

काढण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळा, गाळा, पाण्याने धुवा. मोकळं लोखंड जातं. पण ज्या कणांवर कार्बनचं कवच चढलं ते आम्लाला दाद देत नाहीत, आणि खूप वेळ दळल्यावर लोखंड-कार्बन मिळून सिमेंटाइट होतं, तेही पूर्ण जात नाही. झिर्कोनिया आम्लात विरघळतच नाही. थोडक्यात, धुऊन शुद्ध करू या भरवशावर जार निवडू नका.

११. बीईटी पृष्ठफळ आधी वाढलं, मग उतरलं. मोजणीत चूक?

चूक नाही. बीईटी म्हणजे नमुन्यावर नायट्रोजन किती बसतो त्यावरून पृष्ठफळ काढणं. सुरुवातीला तुकडे होतात, पृष्ठफळ ग्रॅममागे काही चौरस मीटरवरून काही शे चौरस मीटरपर्यंत जातं. मग तुकडे एकमेकांवर थापले जातात, मधल्या फटी बंद होतात आणि नायट्रोजनला आत शिरायला वाट उरत नाही. तुलनेसाठी: ग्राफीनचा, म्हणजे ग्रॅफाइटमधला, एकच सुटा थर दोन्ही बाजूंनी धरला तर ग्रॅममागे २६३० चौरस मीटर होतात. तुमचा आकडा त्याच्या वर गेला तर उपकरणवाल्याला फोन करा.

१२. दळून ग्राफीन मिळतं का?

थोडं मिळतं. बहुतेक वेळा मिळतात ते जाडसर पापुद्रे. दहा थरांहून जास्त असेल तर त्याला ग्राफीन म्हणू नये हा रूढ दंडक आहे.

पातळ पापुद्रे हवे असतील तर कोरडं आणि जोरात दळू नका. द्रवात दळा, वेग कमी, बॉल लहान. डोडेकेनसारखा द्रव थरांना घसरू देतो आणि तोडणारा मार शोषून घेतो, त्यामुळे पापुद्रे पातळ होऊनही आतून बरेच शाबूत राहतात. पाट्यावरची चटणी पाणी शिंपडून वाटतात, तोच न्याय. मेलामाइन मिसळून सोलण्याची पद्धतही चालते. ज्वलनशील द्रव वापरलात तर जार तापल्यावर आत दाब चढतो, हे विसरू नका.

१३. ड्राय आइस घालून दळलं की कडेला कार्बॉक्सिल गट बसतात असं वाचलं. आपल्या मिलमध्ये करू का?

रसायन खरं आहे. दक्षिण कोरियात जाँग-बोम बेक यांच्या गटाने २०१२ मध्ये हे दाखवलं: ग्रॅफाइट आणि ड्राय आइस ४८ तास दळलं, तुटलेल्या कडांनी कार्बन डायऑक्साइड धरला, नंतर हवेतल्या ओलाव्याने त्याचे कार्बॉक्सिल गट झाले. थराचा आतला भाग बराचसा तसाच.

पण आमच्या मिलमध्ये नाही. ४४ ग्रॅम ड्राय आइसचा मुंबईच्या तापमानाला चोवीस-पंचवीस लिटर वायू होतो. तो २५० मिलिलिटरच्या बंद जारमध्ये कोंडला तर आदर्श वायूच्या ढोबळ हिशेबाने दाब शंभर वातावरणांच्या घरात. आपल्या जारचं रबरी गॅस्केट त्यासाठी नाही. दाब सोसणारा, झडप असलेला खास जार आणा, मग बोलू.

१४. हे सगळं ग्रॅफाइटचं. काजळी, करवंटीचा कोळसा, नॅनोट्यूब, सी-६०, हिरा यांनाही लागू आहे का?

नाही, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

काजळी आधीच टर्बोस्ट्रॅटिक असते, मोडायला फारसं काही नसतंच. दळून तिचे घोस सुटतात, एक्सआरडीत बदल कमी दिसतो. विद्यार्थी निराश होतात, होऊ नये. करवंटीच्या सक्रिय कोळशाचं सगळं मोल त्याच्या छिद्रांत, आणि ती बहुतेक २ नॅनोमीटरहून बारीक. हलकं दळलं तर दाणे बारीक होतात, छिद्रं राहतात. जोरात आणि फार वेळ दळलं तर छिद्रं ढासळतात. इथे कमी दळणं हेच शहाणपण. नॅनोट्यूब आखूड होतात, टोकं उघडतात, आणि दळत राहिलात तर नळीपण संपतं. हाताळताना मास्क हवाच.

सी-६० चा (साठ कार्बन अणूंचा) चेंडू चांगलाच चिवट. पण १९९७ मध्ये जपानच्या कोमात्सु गटाने तो पोटॅशियम सायनाइडबरोबर दळला आणि दोन चेंडू जोडून सी-१२० बनवला. सायनाइड आहे, घरी करून पाहायचा प्रयोग नाही. हिरा दळायला गेलात तर तोच जार दळतो. तरी स्फोटातून बनणाऱ्या ४-५ नॅनोमीटरच्या हिऱ्यांचे घट्ट गोळे फोडायला बारीक झिर्कोनियाचे मणी वापरतात, आणि झिर्कोनियाची भेसळ ही तिथलीही डोकेदुखी आहे.

१५. दळलेल्या ग्रॅफाइटची लिथियम बॅटरीत क्षमता ३७२ च्या वर आली. पेपर होईल?

३७२ एमएएच (मिलिअँपिअर-तास) प्रतिग्रॅम ही नीट रचलेल्या ग्रॅफाइटची सैद्धांतिक मर्यादा. दळल्यावर कडा आणि पोकळ्यांतही लिथियम बसतं, म्हणून आकडा वर जातो. १९९०च्या दशकातच हे दिसलं आहे. खोट अशी, की लिथियम आत जातं एका व्होल्टेजला आणि बाहेर येतं जवळपास १ व्होल्ट वर, आणि पहिल्याच चार्जमध्ये बरंच लिथियम कायमचं अडकतं. पहिल्या आवर्तनाचा तोटा न दाखवता नुसती क्षमता दाखवलीत, तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

१६. हायड्रोजनमध्ये दळून हायड्रोजन साठवता येतो का?

जपानमधल्या ओरिमो गटाने १९९९ मध्ये हायड्रोजनखाली ८० तास दळलेल्या ग्रॅफाइटमध्ये वजनाने ७.४ टक्के हायड्रोजन नोंदवला. आकडा खूप बोलबाला झालेला. पण तो परत काढायला शेकडो अंश तापवावं लागतं, आणि मग ग्रॅफाइट तो परत सहज घेत नाही. टाकी म्हणून निरुपयोगी, मोकळ्या कडा किती भुकेल्या असतात याचा दाखला म्हणून उत्तम.

१७. दळलेलं ग्रॅफाइट भट्टीत तापवलं तर पूर्ववत होईल का?

थोडंसं. काही शे अंशांना बसलेले वायू निघतात आणि जाळीतली काही खोट भरून निघते. थर पुन्हा नीट रचायला २५०० अंश सेल्सिअसच्या वरची भट्टी लागते आणि तरीही मूळचा मोठा स्फटिक परत येत नाही. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या यिंग चेन यांच्या गटाने दीडशे तास दळलेलं ग्रॅफाइट १४०० अंशांना तापवलं, तर त्यात नॅनोट्यूब सापडल्या. जारमधून आलेल्या लोखंडाचाही त्यात हात असतो. म्हणजे प्रश्न १० मधली कटकट तिथे कामाला आली.

१८. तीच मिल, तेच आरपीएम, तेच तास. मागच्या वर्षीपेक्षा निकाल वेगळा. मी काहीच बदललं नाही!

बदललं आहे, फक्त तुम्ही नाही बदललं. बॉलचं वजन करा. झिजलेले बॉल हलके असतात, आणि स्टीलचा १० मिलिमीटरचा बॉल ९.५ चा झाला तर वजन सुमारे १४ टक्के घटतं. जारच्या आतून नख फिरवा: भिंतीवर जुन्या ग्रॅफाइटचा चकचकीत लेप असेल तर तुमच्या नमुन्यात मागच्याचा कार्बन मिसळला आणि मारही मऊ पडला. वाळू घालून जार अर्धा तास फिरवा, धुवा, सुकवा. गॅस्केट चिरलं आहे का पाहा, आर्गॉन रात्रीत निसटतो. ग्रॅफाइटची बाटली नवी आहे का? प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेल्या दोन बाटल्यांवर लेबल एकच असलं तरी दाणा एकच असेल असं नाही. आणि महिना कुठला, ते प्रश्न ५ मध्ये.

दळून झाल्यावर नमुना बाटलीत किती दिवस पडून होता तेही बघा. झिप-लॉक पिशवीत ठेवलेला नमुना पवईच्या आयआयटीतल्या सैफमध्ये (सामायिक उपकरण केंद्रात) ईएसआरचा (मोकळे बंध मोजणाऱ्या चाचणीचा) नंबर लागेपर्यंत हवा पीत बसतो, आणि मोकळ्या बंधांचा सिग्नल रोज थोडा बदलतो.

मिलच्या दांड्याला सुतळीने एक वही बांधलेली आहे. तीत जार क्रमांक, बॉलची संख्या, दळण्याआधीचं आणि नंतरचं वजन, हवेतला दमटपणा, थांबे, उघडल्याची वेळ, असे रकाने आखले आहेत. बहुतेक जण पहिले दोन भरतात. मला मेसेज करण्याआधी उरलेले भरा आणि त्या पानाचा फोटो पाठवा.